मामंजींनी रंगवलेलं इंजिन

सकाळी उठल्यापासून जप पूर्ण होईपर्यंत मी बोलत नाही. हे मौन माझ्या लग्नाआधीपासूनचं. सासरी त्याला कुणी आडकाठी केली नाही, उलट मामंजींना ते फारच मानवलं. घरात बाकी कुणी त्यांना वाक्य पुरं करू देत नाही. त्यामुळे मी माळ घेऊन मागच्या पायरीवर बसले की ते शेजारी खुर्ची ओढतात आणि मनसोक्त बोलतात. मी अधूनमधून मान हलवते, तेवढं त्यांना पुरतं. "अशी सून मिळायला भाग्य लागतं," असं ते शेजाऱ्यांना सांगतात. दुपारच्या सुनेबद्दल मात्र काही बोलत नाहीत.

मामंजींचा जीव त्यांच्या मोटरसायकलवर. जुनी, वाऱ्यावर थंड होणारी गाडी. इंजिनाभोवती धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्या फटींतून वारा गेला की इंजिन निवतं. गाडी धावत असली तर चिंता नाही. चालू ठेवून एका जागी उभी केली की वारा थांबतो आणि ताप चढतो.

ही गाडी त्यांनी माझ्या नणंदेला दिली. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती लहानपणापासून एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. तिने नुकतंच एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम धरलं होतं. दवाखान्या-दवाखान्यांतून नमुन्यांची पेटी भरत जायची आणि वेळेत पोचवायची. प्रत्येक दवाखान्यासमोर ती गाडी चालूच ठेवून आत पळायची. किक कडक होती, आणि मामंजींची शिकवण अशी की चालतं इंजिन बंद करू नये, सुरू करताना त्याला त्रास होतो. तीनचार दवाखाने झाले की इंजिन तापून आपणहून बंद पडायचं, आणि निवेपर्यंत हूं की चूं करायचं नाही.

दोनदा उशीर झाला. तिथल्या बाईंनी सांगितलं, "रक्त वाट बघत नाही. पुन्हा उशीर झाला तर पेटी ठेवून घरी जायचं."

"वहिनी," भिंगरी मला म्हणाली, "मला खुर्चीत न बसवणारं हे पहिलं काम आहे. ते नाही जाऊ देणार मी."

आमच्या ह्यांनी इंजिनासमोर टेबलफॅन बांधायचा सल्ला दिला. वायर किती लांब लागेल, असं भिंगरीने विचारल्यावर ते पेपर वाचू लागले.

मग आम्ही दोघी गाडी मेकॅनिककडे घेऊन गेलो. त्याने आगपेटीतली काडी घेतली आणि इंजिनाच्या पट्ट्यांमध्ये सरकवून पाहिली. काडी अडकली.

"काडी जात नाही तिथे वारा कुठून जाणार?" तो म्हणाला. "नुसता रंग आहे हा. रंगावर रंग. इंजिनाला गोधडी पांघरल्यासारखं झालंय. हे खरवडा. गाडी उभी असताना इंजिन उगाच जोरात फिरतंय, तो स्लो मी कमी करून देतो. आणि ताई, थांबलात की बंद करत चला."

"मग खरवडा की तुम्हीच," मी म्हटलं.

"मी? काकांचा रंग?" तो दोन पावलं मागे सरकला. "वहिनी, मी त्यांच्या हाताखाली शिकलोय. पाना चुकीच्या जागी ठेवला म्हणून कान पिळलाय त्यांनी माझा. आधी त्यांची परवानगी आणा."

ही परवानगी आणणं म्हणजे वाघाच्या मिशा मोजणं. मामंजी वर्षातून एकदा इंजिनाला चंदेरी रंग देत आले होते, निवृत्त झाल्यापासून तर दोनदा. लोकांनी थांबून बघावं असं ते चमकायचं.

जेवताना भिंगरीने धीर केला. "बाबा, तो इंजिनाचा रंग जरा..."

"उडालाय ना? माझ्याही लक्षात आलं. डबा आणलाय आजच."

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी ताटात पाहिलं.

"वहिनी, तू सांग ना," नंतर ओट्यापाशी ती म्हणाली. "तुझं ऐकतात ते."

"माझं कुठे गं, माझं गप्प राहणं ऐकतात."

खरं म्हणजे मी अडकले होते. खोटं बोलायचं नाही आणि कुणाला लागेल असं बोलायचं नाही, असे माझे आणखी दोन नेम आहेत. एरवी ते गुण्यागोविंदाने नांदतात. त्या रात्री त्यांचं जमेना. सकाळी जप संपला की हळुवारपणे सांगायचं, असं ठरवून मी झोपले.

सकाळी मामंजी डबा आणि ब्रश घेऊनच बाहेर आले. गाडी पायरीजवळ ओढली, डब्याचं झाकण उघडलं. मी माळ हातात घेतली. जप संपेपर्यंत इंजिन पुन्हा रंगणार, हे दिसत होतं. उठून हात धरावा का? बोलावं का? मी डोळे मिटले.

"आता हेच बघ सूनबाई," मामंजी म्हणाले. "पूर्वी हा ब्रश सरळ आत जायचा. मग बारीक आणला. आता तोही वाकतोय." थोडा वेळ नुसती खसखस ऐकू आली. "ब्रश तर नवाकोरा आहे."

मी डोळे उघडले. माळेतला एकच मणी बोटात धरून बसले होते.

"म्हणजे फट बारीक झाली." ते ब्रशकडे बघत राहिले. "रंग काही बाहेर जात नाही. तिथेच बसतो." मग माझ्याकडे वळले. "तू मान का नाही हलवत आज?"

मी इंजिनाकडे पाहिलं.

"पोरीची गाडी मीच बंद पाडत होतो की काय?"

बोलायची मोकळीक असती तर माझ्या तोंडून पटकन निघालं असतं, छे छे मामंजी, तसं काही नाही. मी एकदा मान हलवली. होय अशी.

त्यांनी झाकण लावलं आणि मुठीने ठोकून बसवलं. "भांडी घासायची तारेची घासणी दे," म्हणाले. "आणि तुझ्या नवऱ्याला सांग, थिनर आण. टेबलफॅन नको म्हणावं."

सुट्टीचा दिवस होता. भिंगरी आणि ते संध्याकाळपर्यंत खरवडत होते. चंदेरीखाली चंदेरी, त्याखाली पुन्हा चंदेरी, आणि सगळ्यात तळाला एक निळा थर निघाला.

"हा तुझ्या आईने निवडलेला," मामंजी भिंगरीला म्हणाले. "मी हसलो होतो तिला. इंजिन कधी निळं असतं का?" तो थर त्यांनी हळूहळू काढला. मध्ये दोनदा चहा प्यायले.

मेकॅनिक येऊन स्लो कमी करून गेला. सगळा वेळ तो गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. मग मामंजींनी भिंगरीला किक शिकवली. "लाथ नको मारूस. आधी अडते तिथपर्यंत हळू आण. मग अंगाचा भार सोड."

दुसऱ्या दिवशी जप आटोपून मीही मागे बसले, पेटी मांडीवर धरून. प्रत्येक दवाखान्यापाशी भिंगरीने गाडी बंद केली आणि पुन्हा सुरू केली. मग चौकात रस्ता खणलेला निघाला. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. तिने इंजिन बंद केलं. मागचा भोंगा वाजवू लागला.

"ताई, चालू करा की!"

"माझ्याकडे रक्त आहे, तुमच्याकडे घाई," भिंगरी मागे न बघता म्हणाली, "रस्ता सुटला की मीच आधी." वाट मोकळी होताच तिने पायाने किक हळू आणली आणि भार सोडला. पहिल्याला नुसता ठसका. दुसऱ्याला इंजिन बोललं.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी पेटी उघडली, बाटल्या मोजल्या, घड्याळाकडे पाहिलं. "उद्या पलीकडचे दोन दवाखानेही घे," म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. भिंगरी जिना उतरेपर्यंत कशीबशी चालत होती, खाली आल्यावर उड्या मारायला लागली.

घरी मामंजी फाटकात उभे होते. नोकरीचं आधी काही विचारलं नाही. वाकून त्यांनी त्या राखाडी, ओरखडलेल्या इंजिनाजवळ तळहात धरला.

"तापलंय," ते म्हणाले. "पण बेताने." आणि मग भिंगरीला, "उभी का? सांग की काय झालं ते."