पाठमोरं बोलणं

नवरा बोलत नाही ही वहिनींची तक्रार कधीच जुनी झाली होती. पहिली काही वर्षं त्यांनी ती मन लावून केली, मग तिची सवय झाली, आणि सवयीचं पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. माणूस ती चारचौघांत मिरवायला लागतो. "आमच्या ह्यांना बडबड म्हणून आवडत नाही हो," वहिनी शेजारणींना सांगायच्या. "पाहुणे नकोत, समारंभ नकोत. फोनचा तर असा तिटकारा की विचारू नका. दारावरची बेल वाजून वाजून जळून गेली तरी हे ढिम्म हलायचे नाहीत." शेजारणी चुकचुकायच्या आणि वहिनींना बरं वाटायचं.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. नवरा कापड गिरणीत, विणकाम खात्यात. तिथं सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून या वहिनी. आपणही तेच म्हणू.

तर वहिनींकडे ह्यांच्या आवडीनिवडींची अशी भली मोठी यादी तोंडपाठ होती. हे टेबलाशी एकाच खुर्चीत बसणार, स्वयंपाकघराकडे तोंड करून. पहाऱ्यावर बसवल्यासारखे! ती खुर्ची कुणी हलवली की कपाळाला आठी. हे दिवा घालवला की एक शब्द बोलणार नाहीत, लगेच पाठ वळवून झोप. कुणाच्या लग्नाला गेले तरी भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात बसणार. आणि वहिनी स्वतः कशा, तर तोंडाला विश्रांती नाही. ओटा खिडकीखाली, त्यामुळे खोलीकडे पाठ. भाजी चिरताना बोलायचं, भांडी घासताना बोलायचं, मध्येच ह्यांना काहीतरी विचारायचं, उत्तर नाही आलं की आपणच देऊन टाकायचं आणि पुढं चालू लागायचं. संसार असा एकहाती रेटला बाईनं.

पण आता दादा निवृत्त होणार होते, आणि त्याचीच वहिनींना धास्ती होती. इतकी वर्षं दिवसभर घर आपलं होतं. संध्याकाळपुरता तो अबोला सहन व्हायचा. आता सकाळपासून तेच? चहाला तेच, जेवायला तेच, मरेपर्यंत तेच? छे! विचारानंच जीव गुदमरायचा त्यांचा. शेवटी त्यांनी मन घट्ट केलं आणि बहिणीला फोन लावला. दादा समोरच पेपर घेऊन बसले होते, म्हणून वहिनी ओठातल्या ओठात बोलल्या, इतक्या हळू की पलीकडून बहीण सारखी म्हणत होती, "अगं जरा मोठ्यानं बोल की."

"भिंतीशी संसार केला मी," वहिनी पुटपुटल्या. "आता ती भिंत चोवीस तास घरात. मला नाही जमायचं. ह्यांचा निरोप समारंभ झाला की दुसऱ्या दिवशी निघते. परत यायचं की नाही ते तिथं आल्यावर बघू."

दादांनी पेपरचं पान उलटलं. वहिनींनी बॅग भरून पलंगाखाली सरकवली. ह्यांना काय, निघताना सांगू. नाहीतरी "बरं" एवढंच म्हणतील.

गिरणीची एक रीत होती. निवृत्त होणाऱ्या माणसानं शेवटच्या पाळीत आपला माग आपल्या हातानं बंद करायचा, आणि तेव्हा घरचं माणूस खात्यात हजर असायला हवं. वहिनी इतक्या वर्षांत कधी खात्यात आत गेल्या नव्हत्या. फाटकापर्यंत डबा पोचवायला गेल्या असतील एखाद्या वेळी, तेवढंच. आज नीटनेटक्या होऊन गेल्या. पहारेकऱ्यानं दार उघडलं आणि आवाजाचा असा दणका बसला की त्या दोन पावलं मागं आल्या. शेकडो माग एकदम आपटत होते. पायाखालची जमीन थरथरत होती. वहिनी "अगं बाई" म्हणाल्या, ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

आणि मग त्यांना दादा दिसले.

दादा बोलत होते! नुसते बोलत नव्हते, हात नाचवत होते, भुवया उडवत होते, गाल फुगवून कुणाची तरी नक्कल करत होते. चार ओळी पलीकडचा एक जाडजूड माणूस हसून हसून मागाला टेकला होता. तिकडच्या एका बाईनं ओठ हलवून काहीतरी विचारलं, दादांनी फटकन उत्तर दिलं, आणि आसपासची पाच-सहा माणसं पोट धरून वाकली. आवाज कुणाचाच नाही. सगळा गलका यंत्रांचा आणि त्यात ही माणसं खुशाल गप्पा मारतायत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वहिनींचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. हा माणूस त्यांच्या घरी राहतो? रोज त्यांच्या समोर बसून जेवतो तो हाच? अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे बोलता येतं तर! बाहेर सगळ्यांसाठी आहे, घरी आणायला तेवढं नाही!

तेवढ्यात कुणीतरी त्यांचा दंड धरला. ती गाठीवाली होती. मागावरचे तुटलेले धागे गाठायचं काम करणारी, वहिनींच्याच वयाची, जिभेला हाड नसलेली बाई. तिनं वहिनींना चहाच्या खोलीत नेलं. काचेचं दार लावलं तेव्हा कुठं माणसाचा आवाज माणसाला ऐकू यायला लागला.

"बसा वहिनी. भोंगा व्हायला थोडा वेळ आहे," गाठीवाली म्हणाली. तिनं चहा पुढं केला आणि अगदी सहज विचारलं, "मग बहिणीकडे कायमच्याच चाललात, की येणार परत?"

वहिनींनी कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"दादांनी. दुसरं कोण सांगणार?"

"पण त्यांना माहीतच नाहीये! मी त्यांना अजून बोललेच नाही!"

"बहिणीला बोललात ना, फोनवर? समोर बसून?" गाठीवालीला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसेना. "सगळं सांगितलं त्यांनी. तुम्ही त्यांना भिंत म्हणालात तेही. त्या दिवशी दादा काही बोलले नाहीत दिवसभर. आम्ही घाबरलो. म्हटलं, दादा गप्प म्हणजे घरात कुणी गेलंबिलं की काय."

वहिनी पुढं सरकल्या. "अहो, पण मी किती हळू बोलत होते! माझ्या बहिणीलाही धड ऐकू येत नव्हतं."

"हळू काय नि मोठ्यानं काय, त्यांना सारखंच. ओठ दिसले की झालं. आम्हाला सगळ्यांनाच येतं ते, इथं दुसऱ्या कशानं बोलणार? पण दादांची नजर म्हणजे दादांचीच. तिकडच्या टोकाला साहेब पुटपुटले तरी इकडं कळतं त्यांना." ती थांबली. वहिनींच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि तिचा स्वतःचाच चेहरा उतरला. "वहिनी... तुम्हाला माहीत आहे ना? दादांना ऐकू येत नाही ते?"

"काय येत नाही?"

"ऐकू. दोन्ही कान गेलेत त्यांचे. झाली की बरीच वर्षं. इथं निम्म्यांचे गेलेत, माझाही डावा गेलाय. कानात यंत्र घातलं की खात्यातून काढतात, म्हणून कुणी बोभाटा करत नाही. पण घरच्यांना तर... वहिनी, अहो, तुम्ही त्यांच्या बायको!"

वहिनी हसल्या. खरंच हसल्या, कारण दुसरं काय करावं ते कळेना. "काहीतरीच काय," त्या म्हणाल्या. "मी बोलते तेव्हा उत्तर देतात की." आणि म्हणता म्हणता त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. कधी देतात? जेवायला समोरासमोर बसल्यावर देतात. ओट्याशी उभं राहून विचारलं तर कधी दिलंय? दिवा घालवल्यावर कधी दिलंय? ती बेल, तो फोन, ती खुर्ची! ती मेली खुर्ची, जिच्यावरून त्यांनी शेजारणींना इतकं हसवलं होतं! अरे देवा, हा माणूस त्या खुर्चीत बसून इतकी वर्षं आपलं तोंड कधी इकडं वळतंय याची वाट बघत होता की काय? जे जे त्याला ऐकवायला म्हणून ओरडून बोललो ते सगळं खिडकीबाहेर गेलं, आणि ऐकू जाऊ नये म्हणून जे पुटपुटलो तेवढं नेमकं पोचलं.

"खोटं आहे हे," त्या म्हणाल्या आणि ताडकन उठल्या.

त्याच वेळी भोंगा झाला. बाहेर एकेक ओळ थांबत गेली. दादांनी आपल्या मागाचा दांडा ओढला, तो शेवटचा. एवढ्या गोंगाटानंतर अशी शांतता पडली की वहिनींच्या कानांत शिट्ट्या वाजायला लागल्या. माणसं दादांच्या मागाभोवती गोळा होत होती. दादा इकडं पाठ करून हातातल्या फडक्यानं माग पुसत होते.

वहिनी दारातच थांबल्या. मग त्यांनी सगळा जीव गोळा करून हाक मारली, "अहो!"

त्यांचा आवाज पहिल्यापासूनच खणखणीत. सगळं खातं दचकलं. जाडजूड माणूस वळला, साहेब वळले, लांब दारापाशी झाडू मारणारा म्हातारासुद्धा वळला. दादा माग पुसत राहिले.

"अहो, ऐकलंत का!" वहिनी पुन्हा ओरडल्या, आणि दुसऱ्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला.

दादांनी फडकं उलटं केलं आणि कोपऱ्यातला कापूस काढू लागले. कुणी त्यांच्या खांद्याला हात लावला नाही. सगळे वहिनींकडे बघत होते, आणि एवढ्या माणसांत ही गोष्ट आत्ता, या क्षणी कळलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे त्यांची बायको.

वहिनी कशा चालत गेल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मागाला वळसा घालून त्या दादांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. दादांचा चेहरा उजळला.

"आलीस? कधी आलीस?" मग जरा घुटमळून म्हणाले, "उद्या गाडी किती वाजताची आहे? बॅग जड आहे, मी येतो पोचवायला."

"तुम्हाला ऐकू येत नाही," वहिनी म्हणाल्या.

"नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत!"

दादा चक्रावले. खरोखर चक्रावले, त्यात नाटक काही नव्हतं. "तुला माहीत होतं की. म्हणून तर एवढ्या मोठ्यानं बोलतेस."

"मी मोठ्यानं बोलते कारण माझा आवाजच मोठा आहे हो! मी जन्मल्यापासून मोठ्यानं बोलते! दिवसभर तुमच्याशी बोलते मी, ओट्याशी उभी राहून बोलते, घसा कोरडा पडेपर्यंत बोलते. तुम्हाला कधी विचारावंसं नाही वाटलं, ही काय म्हणते ते?"

"विचारायचो की सुरुवातीला. तू म्हणायचीस, काही नाही." दादा हातातल्या फडक्याची घडी घालायला लागले. "मग मी धरून चाललो. पाठ करून बोलतेस ते माझ्यासाठी नाही. तुझं तुझं काही असेल. माणसाला असावं थोडं आपलं आपलं. तोंड इकडं करून बोललीस की ते माझं. मी त्याचीच वाट बघायचो."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. घरातला एखादा साधा नियम सांगावा तसं त्यांनी सांगितलं, आणि तो नियम ते इतकी वर्षं मुकाट्यानं पाळत आले होते. वहिनींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडू असं फुटलं की थांबवता थांबेना, आणि त्या रडण्यात त्या भराभर काहीतरी बोलत होत्या, ओंजळीतल्या ओंजळीत.

दादा पुढं वाकले. त्यांनी वहिनींची मनगटं धरली.

"हात काढ," ते म्हणाले. "दिसत नाहीये मला."

वहिनींनी हात काढले. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि दादांच्या डोळ्यांत बघून पुन्हा बोलायला सुरुवात केली. या खेपेला आवाज न काढता, सावकाश, एकेक शब्द ओठांनी घडवत. आणि विणकाम खात्यातल्या झाडून सगळ्या माणसांनी, साहेबांसकट, पाठी फिरवल्या. कारण तिथं आवाज न काढता बोललेलं सगळ्यांनाच कळतं.

गाठीवालीनं तेवढी पाठ फिरवली नाही, म्हणून आपल्याला समजलं. वहिनी म्हणाल्या, "मी कुठं जात नाही. घरी चला. तुमच्याकडे पाठ करून मी जे जे बोलले ना, ते सगळं मला तुम्हाला पहिल्यापासून सांगायचंय."

दादांनी शेवटच्या शब्दापर्यंत नजर हलवली नाही. मग त्यांनी घडी घातलेलं फडकं मागावर ठेवलं.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "एकही शब्द सोडायचा नाहीये मला."