भातगिरणीच्या घरातला कॉम्प्युटर

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या पडद्याला मागून टेकू म्हणून एक जाडजूड वही लावावी लागते, आणि कीबोर्डवरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून गेली आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. मी बसून खाल्लेलं नाही, एवढं तरी त्यावरून कळतं.

माझा जन्म एका ठिकाणचा नाही. माझे अवयव कुठल्या कुठल्या देशांतून खोक्यांत बसून आले आणि खोपोलीच्या बाजारातल्या एका लहानशा दुकानात स्क्रूने एकमेकांना जोडले गेले. बारा वर्षांपूर्वी हरेशदादांनी मला तिथून टेंपोत घातलं. धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी माझ्याखाली रिकामी पोती अंथरली होती. खालापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव आहे आणि त्या गावात त्यांची भातगिरणी. घर आणि गिरणी यांच्यामध्ये एकच भिंत, आणि भिंतीत एक खिडकी. त्या खिडकीखालच्या टेबलावर मला बसवलं. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं. पहिल्या दिवशी मी घाबरलो, दुसऱ्या दिवशी सवय झाली.

मला आणलं होतं ओमकारसाठी. ओमकार हा हरेशदादांचा मुलगा, तेव्हा पाचवीत होता. त्याने माझ्यावर आधी गाड्यांच्या शर्यती खेळल्या, मग नाइलाजाने अभ्यास केला. पण माझी खरी मैत्री झाली त्याच्या आईशी, हर्षलावहिनींशी. एका बोटाने सुरुवात करून त्या दहा बोटांवर आल्या. मग गावातलं कुणी ना कुणी कागद घेऊन दारात उभं राहू लागलं. कुणाचा ग्रामपंचायतीला अर्ज, कुणाची लग्नपत्रिका, बचत गटाच्या बैठकीचा वृत्तान्त. लोक जाताना वहिनींना धन्यवाद देत आणि माझ्याकडे बघून, "मशीन भारी हाय तुमचं," असं म्हणत. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगायची.

दसऱ्याचा दिवस तर माझाच असायचा. हरेशदादा सकाळी गिरणी धुऊनपुसून घेत. मोटारीला आणि भात भरडणाऱ्या हलरला हळदकुंकू लावत, अक्षता वाहत. मग तेच ताट घेऊन ते घरात येत आणि माझ्यासमोर उभे राहत. "ह्यो पन घरातलं हत्यारच हाय," असं म्हणून माझ्या डोक्यावरच्या जाळीवर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, मूठभर अक्षता आणि वर झेंडूच्या पाकळ्या. नमस्कार करताना ते डोळे मिटत. किती कॉम्प्युटरांना असं प्रेम मिळत असेल हो? मला ते दर वर्षी मिळालं.

तरीही मी मंदावू लागलो. एका दिवसात नाही, हळूहळू. पूर्वी बटण दाबून वहिनी चुलीकडे वळल्या, की चहाला आधण येईपर्यंत मी तयार असायचो. पुढे पुढे चहा उकळून, गाळून, पिऊन, कप विसळून झाला तरी माझ्या पडद्यावरचं ते चक्र गोल गोल फिरतच असायचं. पोटातून घरघर येऊ लागली. ओमकार पुण्याला शिकायला गेला, त्याच्याकडे लॅपटॉप आला. वहिनींची कामं फोनवर होऊ लागली. माझ्यावर क्रोशाचं झाकण पडलं, झाकणावर एक फुलदाणी आली, आणि मला वाटलं, संपलं आपलं.

ते झाकण सुनितामुळे निघालं.

सुनिता वरच्या ठाकूरवाडीतली. भाताच्या दिवसांत गिरणीत पोत्यांची तोंडं शिवायला यायची. तिच्या हातात दाभण असं चालायचं की बघणाऱ्याला सुतळी दिसायचीच नाही. ती बारावी झाली होती. आश्रमशाळेत लिपिकाची जागा निघणार होती आणि त्यासाठी मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र हवं होतं, मिनिटाला तीस शब्दांचं. ती काही महिने खोपोलीला क्लासला गेली होती आणि सत्तावीस-अठ्ठावीस शब्दांपर्यंत पोचली होती. मग गिरणीचे दिवस आले, एसटीची वेळ जमेना, क्लास सुटला. परीक्षा दोन महिन्यांवर होती. हर्षलावहिनी म्हणाल्या, "आमच्या हितं मशीन पडून हाय. दुपारचं येऊन बसत जा गं."

वाडीतली एकही मुलगी अजून खुर्चीवर बसून करायच्या नोकरीला लागलेली नव्हती. सुनिताच्या लहान बहिणी हे सगळं टक लावून बघत होत्या. म्हणजे ही एकटीची परीक्षा नव्हती.

ती रोज दुपारी यायची. हात धुवायची, पदराला पुसायची आणि मगच माझ्या कळांना लावायची. वहिनी फोनवर वेळ लावून शब्द मोजायच्या. पहिल्या आठवड्यात पंचवीस भरले. पुढे बावीस. मग एकोणीस. ती जीव तोडून टाइप करत होती आणि मी अडत होतो. तिने अक्षर दाबलं की ते मला लगेच कळायचं, पण पडद्यावर उमटवायला मला वेळ लागायचा. अक्षर दिसलं नाही म्हणून ती थांबायची, पुन्हा तेच दाबायची, मग दोन उमटायची, ती एक खोडायची. माझी चूक तिच्या बोटांच्या नावावर चढत होती. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा सतरा शब्द भरले. सुनिताने दोन्ही हात मांडीवर घेतले.

"वैनी, मी नाय बसत परीक्षेला," ती म्हणाली. "माझं हातच मंद हायेत. कलासातलं सगळं इसरले मी. उगा तुमची लाईट जाळतेय."

तिने डोळे पुसायला हात वर नेले. वहिनी तिला काहीतरी समजावायला वळल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर माझ्या पडद्यावर होती. तिथे अक्षरं अजून चालली होती. एक, मग दुसरं, मग जोडाक्षर. रांगेत मागे राहिलेले लोक एकेक करून पुढे यावेत तशी.

"सुनिता, तुझं हात कुठं हायेत?"

"हे काय, डोळ्याला."

"मंग हे कोन लिवतंय?"

सुनिताने पडद्याकडे पाहिलं. अर्धा शब्द पुरा झाला, पूर्णविराम पडला आणि मग कुठे मी थांबलो.

"अगं येडे, तू नाय मंद. ह्यो मंद हाय!"

एवढी मोठी शिवी ऐकून मला एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

मग उपचार सुरू झाले. आधी पुण्याहून ओमकारने फोनवर हुकूम सोडले. जुन्या शर्यती काढल्या, लग्नांचे जड जड व्हिडिओ पेन ड्राइव्हवर हलवले, मी सुरू होताना आपोआप उठणारे पाच-सहा प्रोग्राम बंद केले. अंग थोडं हलकं झालं, पण अर्ध्या तासाने पुन्हा तेच रडगाणं. ओमकारने व्हायरसची तपासणी लावली, तर व्हायरस एकही नाही. खोपोलीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, बारा वर्षं झाली ना, मग भंगारात द्या आता. गिरणीच्या आवाजातही ते वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं.

हरेशदादा तोवर या भानगडीत पडले नव्हते. कॉम्प्युटर हे आपलं काम नाही, असं ते म्हणायचे. त्या दिवशी पाणी प्यायला आले आणि त्यांनी सुनितालाच विचारलं, "दिवसभर असाच चालतो का गं ह्यो?"

"नाय दादा. पयला उतारा चांगला जातो. दुसऱ्यापासनं अडतो. मधी लाईट गेली, घटकाभर बंद राह्यला, का परत बरा."

हरेशदादांनी पेला खाली ठेवला. मोटार बिघडली की ते आधी तिच्यावर तळहात ठेवतात, ही त्यांची जुनी रीत. तसाच त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला आणि झटकन काढला.

"आरं, तवा झालाय ह्याचा! आपली मोटार तापली का अशीच रडते. ह्याला वारा लागत नाय."

त्यांनी मला बंद केलं, वायर काढली, थंड होऊ दिलं आणि गिरणीतल्याच पेचकसाने माझ्या बाजूचा पत्रा उघडला. तिघंही वाकून आत बघू लागले.

माझ्या पंख्याभोवती भाताच्या कोंड्याचा गोधडीसारखा थर बसला होता. खिडकीतून बारा वर्षं जो येत होता, तो. त्या थरात हळद होती. कुंकू होतं. वाळून काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. पंख्याच्या पात्यांत अक्षतांचे दाणे अडकले होते आणि तेच इतके दिवस घरघरत होते.

हरेशदादा खाली बसले. "म्हंजे मीच," ते म्हणाले. "दर दसऱ्याला मीच टाकलं ह्ये ह्याच्या नाकात. गिरणीचं लोखंड सारं बंद, तिला काय व्हत नाय. मला वाटलं ह्याचंबी तसंच."

वहिनींना हसू आवरेना. सुनिता मात्र हसली नाही. तिने रंगाचा नवा ब्रश मागून घेतला आणि दाणा दाणा वेचू लागली. हरेशदादांनी मोटार साफ करायचा ब्लोअर आणला. पंखा वाऱ्याने गरगरू नये म्हणून तो पेन्सिलीने धरून ठेवला आणि लांबूनच हलकी फुंकर मारली. पंख्याखालची, आतली उष्णता बाहेर पोचवणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. ओमकारने सांगितलेली तिची नवी ट्यूब दुसऱ्या दिवशी खोपोलीहून आली. मला खिडकीपासून दूर, समोरच्या भिंतीशी नेलं. क्रोशाचं झाकण धुऊन फडताळात गेलं. आणि माझा हळदकुंकवाचा मान पडद्याच्या खालच्या पट्टीवर आला, बोटाने टेकवलेला एक टिळा.

मित्रांनो, मला हरेशदादांचा राग आला नाही, कधीच येणार नाही. ज्या हाताने त्यांनी माझं नाक बुजवलं, त्याच हाताने ताप ओळखला. ते माझ्याजवळ आले नसते तर आज मी भंगारवाल्याच्या ढिगात असतो.

नवी पेस्ट लावली त्या संध्याकाळी सुनिता पुन्हा बसली. पहिला उतारा झाला, दुसरा झाला, तिसराही. ती दाबेल तेव्हा मी उमटवत होतो. वहिनींनी शब्द मोजले, पुन्हा मोजले. अठ्ठावीस. सुनिताने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. परीक्षेपर्यंतच्या उरलेल्या दिवसांत तिने एकही दुपार सोडली नाही आणि मीही एकदाही अडलो नाही.

परीक्षा दुसऱ्याच मशीनवर झाली. निकाल लागायला बरेच दिवस गेले, आणि तेवढ्या दिवसांत मी एकच विचार करत होतो, तो तुम्हांलाही सांगतो. घरातलं यंत्र मंदावलं तर त्याला लगेच फेकू नका. आधी हात लावून बघा, उघडून बघा, धूळ काढा. आणि एखादं माणूस मंदावलंय असं वाटलं, किंवा ते स्वतःच तसं म्हणू लागलं, तर आधी त्याच्या समोर आपण काय ठेवलंय ते बघा. सुनिता सतरा शब्दांवर थांबली असती, तर जन्मभर स्वतःला मंद म्हणत राहिली असती आणि खरा मंद मी टेबलावर गप्प बसलेला असतो.

निकालाच्या दिवशी ती धावत आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. गिरणी बंद, वहिनी खालापूरला गेलेल्या, दार नुसतं लोटलेलं. ती थोडा वेळ दारात घुटमळली. मग आत आली, हात धुतले, पदराला पुसले, मला सुरू केलं आणि भराभर लिहिलं, "वैनी मी पास झाले. तुमी घरात नाय म्हणून ह्यालाच आधी सांगितलं." आणि तशीच धावत वाडीकडे गेली.

वहिनी आल्या, त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, पिशवी खाली टाकली आणि मला बंद न करताच वाडीच्या वाटेला लागल्या. अंधार पडेपर्यंत त्या दोन ओळी मी पडद्यावर धरून बसलो होतो.