तोंड भिंतीकडे

मी एक जुना टेबलपंखा आहे, मित्रांनो. नवा होतो तेव्हा दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "कान लावून ऐका, तरच कळेल चालू आहे ते!" आता माझी जाळी सैल झालीय. मी खडखडतो. पाहुणे आले की घरचे मला ओशाळून बंद करतात. आपल्या आवाजाची लाज वाटणं काय असतं, ते मला पुरतं ठाऊक आहे.

म्हणूनच या घरातल्या आईची मला कणव यायची. बाळ सव्वा महिन्याचं. दिवसभर गुणी, पण संध्याकाळ झाली की चेहरा लालबुंद, मुठी घट्ट, गुडघे पोटाशी आणि तासन् तास टाहो.

"दूध पुरत नसेल गं," आजी म्हणायच्या.

"आत्ताच पाजलंय, आई. ढेकरही काढला."

समोरच्या काकू दारातून हसत विचारायच्या, "चिमटे काढता की काय लेकराला?" त्या गेल्या की आई एकेक खिडकी लावून घ्यायची.

एकदा आई आंघोळीला गेली असताना बाळ काही केल्या थांबेना. बाबांनी त्याला दोन्ही हातांनी समोर धरलं. "अरे, बस ना आता!" ते ओरडले. त्यांची बोटं आवळलेली मला दिसली. मग ते एकदम दचकले, बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बाळाला तपासायला दवाखान्यातल्या नर्सताई आल्या. त्यांनी वजन केलं, ताप पाहिला, पोट दाबून पाहिलं.

"बाळ ठणठणीत आहे. हे कोलिक, म्हणजे तान्ह्या बाळांचं काही केल्या न थांबणारं रडणं. नक्की कशानं होतं, ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. आईचा दोष नाही. तीन-चार महिन्यांत ओसरतं. ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त दिसलं किंवा दूध सोडलं, तर मात्र लगेच दवाखाना."

बाबा खाली बघत म्हणाले, "ताई, काल मी त्याला रडतं टाकून निघून गेलो. हात आवळले होते माझे. बाप म्हणवून घ्यायची लाज वाटते."

"पाळण्यात ठेवून गेलात ना? तेच बरोबर केलंत. गदागदा हलवलं असतं, तर मेंदूला इजा झाली असती. पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा ठेवा, आणि कुणाला तरी हाक मारा."

"मला मारायची ना हाक," आई म्हणाली.

"आंघोळीची तेवढीच तर वेळ मिळते तुला."

आईने बाबांच्या हातावर हात ठेवला.

"एकसुरी आवाजानं काही बाळं शांत होतात. पंखा आहे?" नर्सताईंनी विचारलं.

"आहे, पण फार खडखडतो हो," आजी पुटपुटल्या.

"मग लांब ठेवा. बाळावर वारा नको."

असा मी संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून फिरू लागलो, शिक्षा झालेल्या मुलासारखा. कधी बाळ निजायचं, कधी नाही. नाही निजलं की बाबा त्याला पाळण्यात ठेवून मोठ्यानं हाक मारायचे, "अगं, ये गं, मला जमत नाहीये!" खिडक्या आता उघड्याच असायच्या.

मित्रांनो, मी अजून खडखडतो आणि अजून ओशाळतो. जमलं तर माझी जाळी आवळा. आणि घरात कुणाचे हात आवळलेले दिसले, तर त्यांना हसू नका. धावत जा, दुसऱ्या मोठ्या माणसाला बोलावून आणा.