संचालकांचं फुल राईट

संचालक बाळासो कॉम्प्युटरसमोर बसले, एका बोटानं एक बटण दाबलं, आणि कॉम्प्युटरनं त्यांना चक्क नाही म्हटलं.

'या कामासाठी आपणास परवानगी नाही.'

बाळासोंनी ते मोठ्यांदा वाचलं. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा वाचलं. तोवर शेतकी ऑफिसातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या.

"ए वीरेश! ह्यो डबा कुणाला बोलतोय?"

"तुमास्नी न्हाय साहेब. लॉगिनला बोलतोय."

"लॉगिन कुणाचं?"

"तुमचंच," वीरेश म्हणाला. आणि झालं, बाळासोंचं तोंड सुटलं!

"कारखान्याचा पाया खणला तवा माझ्या बापानं डोक्यावर पाटी घेतलीया! गावोगाव हिंडून शेअर गोळा केल्यात! आणि लाईट गेली की मरतंय असलं ह्ये डबडं मला परवानगी न्हाय म्हणतंय व्हय?"

कारखान्याचं नाव काही मी सांगणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातले सगळे कारखाने एकमेकांचे पाव्हणे, उगाच कुणाच्या तरी सोयऱ्याला झोंबायचं. साल दोन हजार दोन, एवढं पुरे. त्याआधी उसाच्या तोडीची पाळी लावायचे चिटबॉय, म्हणजे शेतावर जाऊन तोडीच्या चिठ्ठ्या देणारी माणसं. त्यांना जो कोंबडं घालील त्याचा ऊस आधी. वार्षिक सभेत एकदा सभासदांनी ह्यावरून खुर्च्या फेकल्या. एक खुर्ची चेअरमन हंबीररावांच्या कानाजवळनं गेली, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथं माइक धरून जाहीर करून टाकलं की हितनं पुढं पाळी कॉम्प्युटर लावणार. ज्याची लावण आधी, त्याची तोड आधी. यंत्राला ना पाव्हणा ना भाऊबंद! टाळ्या पडल्या आणि लोक खुर्च्या जागेवर ठेवून घरी गेले.

मग कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मैथिली मॅडमनी प्रोग्रॅम लिहून दिला आणि कारखान्यानं वीरेशला त्याचा इनचार्ज नेमलं. पोरगा कॉम्प्युटर शिकलेला, सरळ, आणि जरा भोळाच म्हणायचा. प्रोग्रॅममध्ये माणसांच्या पायऱ्या होत्या. काहींनी नुसतं बघायचं, काहींनी नोंदी घालायच्या, आणि पाळी हलवायचा अधिकार चेअरमन, शेतकी अधिकारी आणि वीरेश एवढ्यांनाच. तोही कुणाचा ऊस जळला तर, कारण जळका ऊस थांबत नाही. संचालकांना वीरेशनं बघायची पायरी दिली. त्यांना पाळी हलवायचं काय काम, असा त्याचा हिशेब. शिकलेल्या माणसाला असलं सुचतं.

पुढच्या बोर्डाच्या मीटिंगला एकच विषय झाला. हंबीरराव फुल आणि आम्ही अर्धे का, असं बाळासोंनी टेबलावर मूठ आपटून विचारलं आणि सगळ्या संचालकांना फुल राईट द्यायचा ठराव मंजूर झाला. शोकप्रस्ताव सोडला तर ह्या बोर्डात एकमतानं झालेला तो पहिला ठराव. व्हाइस चेअरमननी तेवढं विचारलं, "मला फुलच्या वर काय हाय का?" वीरेश म्हणाला, फुलच्या वर काय नसतंय. त्यावर व्हाइस चेअरमन पुढं कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

आता फुल राईट आलं म्हणजे प्रत्येकाला पासवर्ड आला, आणि वीरेशच्या कर्माचे भोग सुरू झाले. तीनदा पासवर्ड चुकला की लॉगिन बंद पडायचं. बाळासोंनी पासवर्ड ठेवला आपल्या बैलाचं नाव. पुढं बैल विकला, मुरगूडच्या बाजारातनं दुसरा आणला, आणि हे गृहस्थ नव्या बैलाचं नाव टाकून बसले.

"साहेब, बैल बदलला म्हणून पासवर्ड बदलत न्हाय."

"मग आदी सांगायचं न्हाईस? बैल इकलाच नसता."

दुसऱ्या एका संचालकांनी पासवर्ड ड्रायव्हरच्या ध्यानात ठेवला होता. तो ड्रायव्हर विरोधी पॅनेलात गेला आणि पासवर्डही सोबत घेऊन गेला. शेवटी सगळ्यांनी मिळून शहाणपणा केला. सगळ्यांना एकच पासवर्ड, आणि तो कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर खडूनं लिहिलेला. बघा म्हणावं, हाय का आता काय अडचण!

अडचण पाळीत होती. बाळासो सकाळी आले की मेव्हण्याचा ऊस वर. दुपारी दुसरे आले की साडूचा वर. चहाला येणारा संचालक चहा निवेपर्यंत दोघातिघांना उचलायचा. वर चढायला नातं लागत होतं आणि खाली घसरायला काहीच लागत नव्हतं. रोज घसरणाऱ्यांत एक नाव गंगव्वाचं होतं. तिची लावण जुलैतली, आख्ख्या शिवारात सगळ्यांच्या आधीची.

आणि गंगव्वा म्हणजे वीरेशची आई.

"यप्पा," ती भाकरी ताटात जवळजवळ फेकतच म्हणायची, "गावाचा ऊस गेला. आपल्या उसाला तुरं आलं. पोकळ हुतोय त्यो, पोकळ! वरीसभर मी त्याला पाणी पाजलं, आणि तू थितं कॉम्प्युटरम्होरं बसून काय करतोस, आरती?"

"अव्वा, येईल आपली पाळी."

"एक बटण दाबायचं की रं."

"मी दाबलं तर माझ्यात आन् बाळासोत फरक काय ऱ्हायला?"

"फरक ह्यो की त्याच्या मेव्हण्याचा ऊस गेलाय."

वीरेश भाकरी मोडत बसायचा. बाप गेल्यावर हाच ऊस विकून तिनं त्याला शिकवलं होतं. तिच्या बांधावर उभं राहून ते पांढरे तुरे बघितले की त्याला रडू यायचं, खोटं कशाला सांगा. पण बटण दाबायला हात होत नव्हता. आपण एकदा दाबलं की मग ओरडायलाही तोंड उरत नाही, हे त्याला पक्कं कळत होतं. मधल्या मधे अव्वानं त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि परड्यात जाऊन म्हशीशी बोलायची, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

अशात पेठ वडगावला एक लग्न निघालं. आमच्याकडच्या लग्नात नवरानवरी दुय्यम, खरा कार्यक्रम टॉवेल-टोपीचा. माइकवाला एकेकाचं नाव पुकारणार, मान्यवर स्टेजवर जाणार, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल घेऊन उतरणार. बाळासो पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांचं नाव काही येईना. माणूस लाल झाला. जेवायला चला म्हटलं तर उठेना, पाणी दिलं तर घेईना. अखेर माइकवाला ओरडला, "आपल्या भागाचे आधारस्तंभ, संचालक बाळासो, असतील तिथून स्टेजवर यावं!" बाळासो उठले, गेले, मान घेतला, खाली आले, आणि टॉवेल-टोपी न बघताच ड्रायव्हरच्या अंगावर टाकून जेवायला चालू पडले. टॉवेल असा विरळ की त्यातून मांडव दिसत होता.

वीरेश जिलेबी हातात धरून बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून तो राजारामपुरीत मॅडमच्या दारात हजर. मॅडम स्वतः मास्तरांच्या घरातल्या, शिस्तीच्या.

"अहो, सोपं आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे अधिकार काढून घ्या, ज्याला त्याला वेगळा पासवर्ड द्या, आणि आधी ती भिंत पुसा."

"अधिकार काढल्यावर ते मला काढतील, मॅडम. अधिकार काढायचा, पण मान ठेवायचा." आणि त्यानं टॉवेल-टोपीची सगळी हकिकत सांगितली.

मॅडमनी ऐकून घेतलं. "म्हणजे बटण दिसायचं, पण चालायचं नाही? ही फसवणूक झाली, वीरेश."

"त्यांनी ठराव फुल राईट द्यायचा केलाय, मॅडम. पाळी हलवायचा ठराव कुणीच केला न्हाय. तो करायला एकाची तरी जीभ रेटंल का?"

मॅडम हसल्या आणि कामाला लागल्या.

पुढच्या सोमवारी बाळासो कॉम्प्युटरसमोर बसले तर पडद्यावर सोनेरी महिरप, दोन्ही बाजूंना समया, आणि मधोमध ठळक अक्षरं: 'सन्माननीय संचालक श्री. बाळासो यांचे सहर्ष स्वागत. आपले अधिकार: संपूर्ण.' खाली लाल बटण, 'पाळी पुढे घ्या'. दाबलं की उत्तर यायचं, 'आपला आदेश सादर नोंदवण्यात आला आहे.' नोंदवला तर खरंच जायचा. फक्त त्या नोंदीकडं ढुंकून बघायचं कुणाला कारण नव्हतं. पाळी आपली लावणीच्या तारखेनं चालली होती.

"ह्याला म्हंत्यात प्रोग्रॅम!" बाळासो म्हणाले आणि ऑफिसभर चहा सांगितला. आता घरनं पाव्हणे-पै मागं लागले की प्रत्येक संचालक छातीवर हात ठेवून सांगायचा, बाबा, मी माझ्या हातानं दाबलंय. ऊस नाही आला तर तोडणीची टोळी आळशी, रस्ता वाईट, ट्रॅक्टर पंक्चर! व्हाइस चेअरमनच्या महिरपीला वीरेशनं दोन मोर जास्तीचे बसवले. त्या दिवसापासून ते बोलायला लागले.

बोर्डातलं एकच बटण वीरेशनं खरं ठेवलं होतं, चेअरमनचं. तेवढी त्याची छाती झाली नाही. आणि नेमका तिथंच घात झाला. उद्या गंगव्वाच्या उसाला टोळी जायची, म्हणून सकाळी त्यानं पाळी उघडली तर तिच्या जागी चेअरमनांच्या मेहुण्याचं नाव. अव्वा परत खाली, मेहुण्याच्या जुन्या जागी, पार तळाला. आणखी महिना गेला तर उसाची नुसती चिपाडं उरणार होती. तेवढ्यात शिपाई आला, चेअरमनसाहेबांनी बोलावलंय.

हंबीरराव खिडकीशी उभे होते. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"बाळासोचं बटण चालत न्हाय," ते म्हणाले.

वीरेश खरं सांगून मोकळा झाला. "न्हाय साहेब."

"बाकीच्यांचं?"

"कुणाचंच न्हाय."

"माझं?"

"तुमचं चालतंय. खरं हाय तुमचं."

"हां." हंबीरराव खुर्चीत बसले आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. "म्हणून म्हटलं, माझंच कसं लागलं. तीस वरसं राजकारणात गेली माझी. आपल्या बटणाला वीज हाय का न्हाय ह्ये ज्याला कळत न्हाय त्येला पुढारी म्हणत न्हाईत." आता राजीनामा तोंडी द्यायचा की लेखी, एवढंच वीरेश बघत होता.

"ताटावर बसलो की मेहुण्याचा ऊस," हंबीरराव म्हणाले. "हात धुवायला उठलो की मेहुण्याचा ऊस. काल दाबलं बाबा एकदाचं. तर आज धाकला मेहुणा दारात हजर. मला चार मेहुणं हाईत, वीरेश." त्यांनी आवाज खाली आणला. "माझं बी तसलंच करून दे."

"कसलं साहेब?"

"बाळासोसारखं. जोतिबाची आण घिऊन बायकोला सांगता आलं पायजे की मी दाबलं. आणि पाळी काल दाबायच्या आदी हुती तशी परत ठेव. ह्यातलं कुणाला बोलशील तर बघ."

वीरेशला हसावं का रडावं कळेना. जाता जाता त्यानं सांगून टाकलं, न सांगता राहवेना, "साहेब, पाळी पयल्यासारखी ठेवली तर उद्या टोळी माझ्या अव्वाच्या उसाला जाईल."

हंबीरराव खुर्चीतनं उठले. "गंगव्वा तुझी आई? जुलैची लावण? आणि मग इतकं दीस... तुझं बटण तर चालतंय की रं!"

"म्हणूनच न्हाय दाबलं साहेब."

"येडा हाईस," हंबीरराव म्हणाले, आणि टोपी डोक्यावर ठेवून पुन्हा खिडकीशी गेले.

दुसऱ्या दिवशी टोळी उसात शिरली. वजन घटलेलंच होतं, तुऱ्यांनी खायचं ते खाल्लं होतं, पण कोयते चालू झाले आणि गंगव्वाचा सगळा राग तिथल्या तिथं उतरला. ट्रॅक्टरच्या चाकाशी तिनं नारळ फोडला. टोळीतल्या बायकांना चहा दिला, मुकादमाला दोनदा दिला. वीरेश बांधावरनं येताना दिसला तशी पदर सावरत पळत आली आणि इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडावरनं हात फिरवला.

"दाबलंस की रं शेवटी! आठवली व्हय आई?"

"अव्वा, ऐक की. कुणीच दाबलं न्हाय. आता कुणाचंच..."

ती कुठली ऐकतेय! शेजारच्या रानातल्या कालिंदीला तिनं कधीच हाक घातली होती. "ए कालिंदे! बघ ग! माझ्या पोरानं बटण दाबलं! बोर्डाला भ्याला न्हाय, कुणाला भ्याला न्हाय! आईसाठी दाबलं त्यानं!"

तिच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं. वीरेशला फार वाईट वाटलं. एवढे दिवस शिव्या खाऊन बटण न दाबायचा जो नेम त्यानं मोडू दिला नव्हता, तोच त्याची आई गावभर ओरडून मोडत होती, आणि ती इतकी खूश त्याचं शिक्षण पुरं झाल्यापासून पहिल्यांदाच दिसत होती.

ती वळली. "दाबलंस न्हवं?"

"व्हय अव्वा," वीरेश म्हणाला. "दाबलं."