केसपेपरवरची एक ओळ

कांजूरमार्गच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळचा चहा आता अनिरुद्ध करतो. त्याच्या बायकोच्या, तेजलच्या, उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत आणि गॅस पेटला की तिची मान आपोआप मागे जाते. त्या मंगळवारी ग्राहक आयोगात तिच्या तक्रारीची नववी तारीख होती. तिने कागदांची पिशवी घेतली, मानेवरची ओढणी सारखी केली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. नवव्या तारखेला बोलण्यासारखं उरतं तरी काय?

दोन वर्षांपूर्वी तिच्या तोंडासमोर कुकर फुटला होता. जेमतेम चार महिने वापरलेला, नावाजलेल्या दुकानातून बिलासकट घेतलेला. वाफ कोंडली की झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडायला हवा. तो जागचा हलला नाही, झाकणच उडालं. उकळत्या डाळीने तेजलची हनुवटी, मान आणि हात भाजून निघाले.

आपल्याकडे अशा वेळी कुकर कसला होता हे कुणी विचारत नाही, बाईचं लक्ष कुठे होतं हे विचारतात. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? अनिरुद्धने सांगून टाकलं की बायकोने शिट्टी साफ केली नव्हती. तो तर तेव्हा कामावर होता. आई म्हणाली म्हणून त्याने सांगितलं आणि डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. तेजल त्या वेळी बोलण्याच्या अवस्थेतच नव्हती. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे रत्नप्रभाबाईंनी, फुटका कुकर भंगारवाल्याला देऊन टाकला. ज्या भांड्याने घरातलं माणूस भाजलं ते घरात ठेवू नये, असं त्यांच्या मालवणकडे मानतात.

त्या वर्षी गणपतीला गावी गेल्यावर जावांनी तेजलला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवलं. हिच्या हातून भांडी फुटतात, असं कुणीतरी हसत हसत म्हणालं. तीही हसली. परत आल्यावर मात्र तिने ग्राहक संघटनेच्या गंधाली मॅडमना गाठलं. हाताच्या ऑपरेशनसाठी भरपाई हवी होतीच, पण त्याहून जास्त तिला हवं होतं कुणीतरी शिक्क्यानिशी दिलेलं लेखी, की यात तुझी चूक नव्हती.

कुकरच्या कंपनीचं काम सोपं होतं. तपासायला कुकर नाही आणि केसपेपरवर नवऱ्याच्याच तोंडची ओळ. कंपनीच्या वकिलाला स्वतःचं डोकं चालवावंच लागलं नाही. सगळा बचाव त्याला घरातून तयार मिळाला होता.

त्या दिवशी अनिरुद्धने आईलाही बरोबर घेतलं होतं. कंपनी तडजोडीला तयार आहे असं कळलं होतं, आणि तेजल ऐकत नसेल तर आईने तिला समजवावं, असा त्याचा बेत. त्याला खलनायक करायचं कारण नाही. तो थकला होता, सुट्ट्या संपल्या होत्या, आणि थकलेल्या माणसाला शेवट हवा असतो, न्याय नंतर सुचतो.

आयोगाच्या बाहेरच्या बाकावर कंपनीच्या वकिलाने तडजोडीचा कागद पुढे केला. रक्कम बरी होती. खाली एक वाक्य होतं. गंधाली मॅडमनी ते रत्नप्रभाबाईंना कळावं म्हणून मोठ्याने वाचलं. हा अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, हे मला मान्य आहे. अनिरुद्ध हळूच बायकोला म्हणाला, "सही कर ना. कोण वाचतंय?"

"मी वाचते ना रोज," तेजल म्हणाली. "आरशात."

रत्नप्रभाबाई कुणी न विचारताच म्हणाल्या, "शिट्टी तेजलान धुवूक नाय. मी धुतलंय. उजेडाक धरून भोकातसून बघितलंय, साफ होती. कुकर मीच चढवलंय. ही नुसती गॅस बारीक करूक गेली."

"मग मला तेव्हा तसं का सांगितलंस?" अनिरुद्धने विचारलं.

"माका वाटला, लोक माका बोल लावतले," त्या म्हणाल्या. "म्हणान गप रवलंय."

"दोन वर्षं, आई?" तेजलने विचारलं.

त्यांनी सुनेचा हात धरायला हात पुढे केला. तेजलने आपला हात काढून घेतला, आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नाही.

वकील शांतपणे म्हणाला की घरच्या माणसाने दोन वर्षांनी दिलेल्या साक्षीला किती किंमत असते ते मॅडमना माहीत आहेच. गंधाली मॅडमनीही खोटा धीर दिला नाही. सासूबाईंचं प्रतिज्ञापत्र लागेल, अनिरुद्धचंही लागेल, आणि तरीही केस हरू शकते, असं त्यांनी सांगितलं.

तेजलने तडजोडीचा कागद वकिलाला परत दिला. "हरली तर हरली," ती नवऱ्याला म्हणाली. "पण न बघता बोललो, हे तू आधी लिहून दे."

अनिरुद्धने खिशातून पेन काढलं, पण पहिला शब्द लिहायला त्याला फार वेळ लागला.

दहावी तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. तेव्हा वकील रत्नप्रभाबाईंना विचारणार, की बाई, दोन वर्षं गप्प का बसलात? चारचौघांत त्यांना ते सांगावं लागेल. आयोग काय ठरवेल ते आज सांगता येत नाही. पण शेजारच्या घरात कुकर फुटल्याचं ऐकल्यावर आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघाला होता, ते सांगायला आपल्याला कुठल्या तारखेची गरज नाही.