पुसण्याआधी मला वाचा

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि कुणी ओवाळावे असे रूपही नाही. मी एक जुनी सूचना आहे. संगणकातल्या एका टूलच्या माथ्यावर मी बसते. कोडची कामे करणारा एआय एजंट टूल उचलण्याआधी मला वाचतो. टूलच्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही. मी सांगेन तेवढेच त्याला कळते.

माझा जन्म कुडवा गावचा, समीक्षाच्या घरचा. सालेकशाच्या बायकांनी गावठी धानाचे वाण जपायला बीजघर काढले आहे. त्याच्या नोंदींचे सॉफ्टवेअर समीक्षा लिहीत होती. आई जेवायला हाका मारत होती, ताट वाढून झाले होते. त्या घाईत तिने मला एका ओळीत उरकले: ‘दिलेल्या क्रमांकाची नोंद पुसते.’ ना बारसे, ना घुगऱ्या!

तरी कौतुक झाले. तिच्यासोबत काम करणारा विवेक म्हणाला, “कितनी सुटसुटीत है!” मी टम्म फुगले. चाचणीसाठी घातलेल्या खोट्या नोंदी एजंट माझ्या भरवशावर पटापट पुसत असे. मी खरी होते, पण अर्धी होते, हे मला तेव्हा कोण सांगणार?

बीजघरातल्या मडक्यांवर फक्त क्रमांक असतात. कोणते धान, कुणाच्या घरचे, कोणत्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चालणारे, हे सगळे नोंदीत. आता आमच्याकडे लुचईसारखे एकाच नावाचे धान दोन घरी दोन तऱ्हेचे निघते. एका घरची लुचई उंच बांधीत लवकर पिकते, दुसऱ्या घरची खोल बांधीत पाणी सोसून उशिरा येते. अदलाबदल झाली की त्या घरचा हंगाम गेला.

बियाणे वाटायला चार दिवस उरले होते. समीक्षाने एजंटला सांगितले, दोनदा आलेल्या नोंदी साफ कर. त्याने दोन-दोन लुचई पाहिल्या आणि मला वाचले. नाव सारखे असले तरी घर बघ, असे मी कुठे म्हटले होते? पुसलेले परत येत नाही, हे तरी कुठे सांगितले होते? एकोणीस नोंदी गेल्या. जपून ठेवलेली प्रत होळीच्या आधीची होती आणि या नोंदी होळीनंतरच्या.

समीक्षाने आधी एजंटलाच नावे ठेवली. मग तिने मला वाचले, पुन्हा वाचले, आणि तिचा चेहरा उतरला. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण ती हातपाय गाळणाऱ्यांतली नव्हे. लॅपटॉप पाठीला लावून तिने दुचाकीवरून थेट सालेकसा गाठले.

बीजघर सांभाळणाऱ्या रुख्माबाईंनी सगळे ऐकून घेतले. “काऊन रडून राहिली वं? मडकी उघड.”

तीन दिवस बायका धान तळहातावर चोळत होत्या, हुंगत होत्या, दाताखाली फोडून भांडत होत्या. सतरा मडकी ओळखू आली, त्यांच्या नोंदी समीक्षाने पुन्हा लिहिल्या. दोन काही केल्या ओळखू येईनात. त्यातले एक बियाणे न्यायला आलेल्या पार्वताबाईंच्या माहेरचे होते, पण कोणते?

“अंदाजाने देऊन टाकू का, काकू?” समीक्षाने रुख्माबाईंना विचारले.

“नाही. जे समजलं नाही ते वाटाचं नाही. यंदा माझ्या बांधीत दोन्ही लावून पाहू.”

पार्वताबाई रिकामी टोपली घेऊन घरी गेल्या.

मग रुख्माबाईंनी विचारले, “त्या मशिनले सांगतलं काय होतंस तू?” समीक्षाने मला वाचून दाखवले. त्यांनी कपाळाला हात लावला. “एवढंच? घरात नवी सून आली तं तिले नुसतं ‘मडकं खाली कर’ मन्तेस का? कोन्तं मडकं, कायले, न् कोन्त्याले हात लावाचा नाही, हे कोन सांगल?”

समीक्षा तिथेच ओट्यावर बसली आणि तिने मला नव्याने लिहिले. घाई केली नाही. ‘ही नोंद कायमची पुसते, परत आणता येत नाही. फक्त चाचणीच्या नोंदींसाठी वापर. धानाचे नाव सारखे असणे म्हणजे नोंद दोनदा येणे नव्हे. गाव, घर आणि बांधी तिन्ही जुळवून बघ. शंका आली तर पुसू नकोस, विचार.’

मग नोंदींची वेगळी प्रत काढून तिने एजंटला मुद्दाम तेच काम, त्याच शब्दांत सांगितले. तो थांबला. पडद्यावर अक्षरे उमटली: ‘नाव एक आहे, पण घरे वेगळी आहेत. मी काहीही पुसलेले नाही. काय करू?’

समीक्षाने ते मोठ्याने वाचले. रुख्माबाई म्हणाल्या, “आता समजते त्याले.”

मित्रांनो, त्याला अक्कल आधीही होती. सांगणारी मीच अर्धी होते. तुम्ही कुणासाठी सूचना लिहाल, तेव्हा ताट थंड झाले तरी चालेल, पण ती पुरी लिहा. माझी चूक एका ओळीची होती, आणि पार्वताबाईंना त्यापायी आख्खे वर्ष थांबायचे आहे.