त्र्यंबकरावांचा उपदेश आणि गुळाची ढेप

बाळांनो, घटकाभर असं समजा की तुम्ही सतरा वर्षांची मुलगी आहात. साल एकोणीसशे त्रेपन्न. घर गडमुडशिंगीला, बाप गुऱ्हाळावरचा गुळव्या. तुम्ही मॅट्रिक पास झालाय आणि तुम्हाला सायन्सला जायचंय. हातात कॉलेजचा फॉर्म आहे. आज पाचच्या आत तो खिडकीतून आत गेला तर ठीक. नाही गेला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की आई मांडव घालायला मोकळी. फॉर्म सगळा भरून झालाय. फक्त कोल्हापुरात राहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाची पालक म्हणून सही हवी आहे.

बसलं चित्र डोळ्यांपुढं? तर त्या मुलीचं नाव कालिंदी, आणि त्या दिवशी दुपारी ती बापामागोमाग मंगळवार पेठेतल्या एका माडीचा जिना चढत होती. बापाच्या, म्हणजे जोतीरामच्या खांद्यावर धडप्यात बांधलेली पाच शेरांची गुळाची ढेप होती, हातात नारळ होता.

माडीवर त्र्यंबकराव राहत. मुडशिंगीत त्यांना त्र्यंबकराव कॉलेजवाले म्हणत. संस्थान होतं तोवर ते दरबारच्या कुठल्याशा कचेरीत कारकून होते. संस्थान गेलं, कचेरी गेली, रुबाब तेवढा मागं राहिला. गावातलं पोर मॅट्रिक झालं की आधी त्र्यंबकरावांकडं न्यायचं, नारळ ठेवायचा, ते सांगतील ते वहीत उतरवून घ्यायचं आणि मग कॉलेजची पायरी चढायची, असा गावचा रिवाज पडून गेला होता. आजवर सोळा पोरं या माडीवरून कॉलेजात गेली होती. त्यांतली अकरा दिवाळीच्या आत वळकटी घेऊन परत आली. गावानं दोष दिला तो पोरांच्या टाळक्याला. उपदेशावर कुणाचा संशय गेला नाही. उपदेश नारळ देऊन घेतलेला होता ना!

"ये ये जोतीराम," त्र्यंबकराव आरामखुर्चीतून म्हणाले. उठले नाहीत. "हीच का ती? वही आणलीस का गं? लिही."

कालिंदी चटईवर बसली आणि लिहू लागली.

"एक. वर्गात शेवटच्या बाकावर बसावे. दोन. प्राध्यापकांना प्रश्न विचारू नये. विचारला की हा विद्यार्थी मठ्ठ आहे असे त्यांच्या लक्षात येते, आणि ते वर्षभर लक्षात राहते. तीन. गेल्या सालच्या मुलाची वही मिळवावी. प्राध्यापक दर साली तेच सांगतात. चार. लायब्ररीत जास्त जाऊ नये. डोळे जातात. पाच. तोंड उघडून हाय-न्हाय करू नये. खेडवळ मुलांनी गप्प बसलेलं शोभतं."

कालिंदीची पेन्सील भराभर चालली होती आणि डोकं त्याहून जोरात. ज्याला प्रश्न विचारायचे नाहीत, पुस्तकं बघायची नाहीत आणि तोंड उघडायचं नाही, त्यानं कॉलेजात जाऊन करायचं तरी काय? बाक झिजवायचे? हेच करायचं तर गोठ्यातली म्हस तिच्यापेक्षा हुशार निघाली असती. तीही मागं बसते, गप्प बसते आणि काल खाल्लेलंच आज चघळते. पण सही या माणसाच्या हातात होती. ती लिहीत राहिली.

दहा कलमं झाली. त्र्यंबकरावांनी फॉर्म मागून घेतला, नाकावरचा चष्मा वर केला, आणि त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं.

"सायन्स? हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

"माझ्या," कालिंदी म्हणाली. "मला गणितात चांगले मार्क हाईत."

"असतील. मुलीच्या डोक्याला गणित फार काळ सोसत नाही, हा माझा अनुभव आहे. खोड ते. मराठी आणि इतिहास लिही, की मी सही करतो."

"आबा—" ती बापाकडं वळली.

जोतीराम चटईच्या कडेला उकिडवा बसला होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. कॉलेज ही त्याला देवळाच्या गाभाऱ्यासारखी गोष्ट वाटे. आत काय चालतं ते पुजाऱ्यालाच ठाऊक. तो हळूच म्हणाला, "खोड बाय. रावसाब सांगत्यात म्हंजी काय तरी असंलच की. आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

कालिंदीनं पेन्सील उचलली. तिचा हात कागदावर टेकला, पण पुढं सरकेना.

तेवढ्यात त्र्यंबकरावांनी धडपं सोडलं. ढेपेचा कोपरा फोडून खडा तोंडात टाकला, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "जोतीराम, गूळ काळपट झालाय रे तुझा."

"मिरगाची हवा हाय, रावसाब. सर्दाळली की ढेप जरा काळी पडतीच."

"हवेला काय नावं ठेवतोस? तुझी पद्धत चुकते. पाक काढायची घाई करतोस तू. मी सांगतो, लक्षात ठेव. चुलवाणात मोठा जाळ घालायचा आणि पाक काहिलीतच गार होऊ द्यायचा. सावकाश. मग बघ कसा सोन्यासारखा गूळ पडतो!"

जोतीरामनं मान वर करून त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

गुऱ्हाळावरच्या चार वर्षांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की, पाक तयार झाला की काहील त्याच क्षणी चुलीवरून उतरवून पाक गार करायच्या वाफ्यात ओतावी लागते. पाक झाला की नाही हे बघायला गुळव्या उकळता थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. जोतीरामची उजव्या हाताची बोटं बावीस वर्षं तो चटका खात आली होती. एवढ्याशा उशिरानं अख्खा घाणा, म्हणजे काहीलभर पाक, करपतो. आणि हा गृहस्थ पाक काहिलीतच गार करायला निघाला होता! त्याचा गूळ मग छिन्नी-हातोडा घेऊनच काढावा लागला असता, आणि निघाला असता तो गूळ नव्हे, कोळसा.

पण जोतीरामचं लक्ष आता गुळाकडं नव्हतं. तो आवाज ऐकत होता. कलमं सांगतानाचा आवाज आणि गूळ शिकवतानाचा आवाज एकच होता. तीच मान, तेच बोट, तोच ठसका. गुळातलं त्याला कळत होतं, म्हणून इथं चोरी सापडली.

तो उठला. त्र्यंबकरावांच्या हातातून फॉर्म अलगद काढून घेतला.

"रावसाब, एक इचारू? तुमी कालेजात कंचा इषय घेतलाता?"

"मी? मला घ्यायची गरज काय?" त्र्यंबकराव ताठ झाले. "तीस वर्षं रोज कॉलेजच्या फाटकासमोरून कचेरीत गेलोय मी!"

"मंग आमचा बैल लई शिकलेला म्हणायचा," जोतीराम म्हणाला. "त्यो रोज शाळंवरनं जातोय. चल गं कालिंदी."

"सही?" ती जिन्यात पुटपुटली. "आबा, चार वाजायला आले."

जोतीराम पापाच्या तिकटीच्या चौकाकडं चालू लागला. तिथंच एका बोळात राहणारा दिलदार लोहार भाता मारत बसला होता. मुडशिंगीच्या सगळ्या काहिलींना तोच डाग द्यायचा, पत्रे जोडायचा. जोतीरामशी त्याची पंधरा वर्षांची दोस्ती. दिलदारनं ऐकून घेतलं, हात दोनदा राखेनं घासून धुतले, आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर ठोकल्यासारखं, कागदावर आपलं नाव काढलं.

"नातं काय म्हणून लिहू?" कालिंदीनं विचारलं.

"चाचा लिव्ह," दिलदार म्हणाला.

"काय सांगायचं असलं तर सांग तिला," जोतीराम म्हणाला. "कालेजात चाललीया."

दिलदार हसला. "मी काय सांगू पावणं? मला कालेजातलं ओ का ठो कळत न्हाय. बेटी, तिथं काय न्हाय कळलं तर तिथल्यालाच इचार. आन् काहील फुटली तर माझ्याकडं ये."

पाचला दहा कमी असताना फॉर्म खिडकीतून आत गेला.

दहा दिवसांनी कालिंदी सायन्सच्या वर्गात बसली होती. पुढच्या बाकावर, मुलींचा बाक होताच पुढं, तेव्हा पहिलं कलम पहिल्याच दिवशी मोडलं. मागं सत्तरेक मुलगे. प्राध्यापकांनी फळाभर गणित मांडलं आणि तिसऱ्या ओळीवरून थेट सहाव्या ओळीवर उडी मारली. सगळा वर्ग माना खाली घालून उतरवून घेत होता. कुणाला काही कळलं नव्हतं, हे एकमेकांच्या वह्यांत डोकावणाऱ्या माना सांगत होत्या.

कालिंदी उभी राहिली. "सर, मधलं मला कळलं न्हाय."

'न्हाय' ऐकून मागचे बाक फिदीफिदी हसले. कुणीतरी म्हशीसारखं हंबरलं. प्राध्यापक कानामागं हात नेत म्हणाले, "काय? नीट ऐकू आलं नाही."

कालिंदीनं मागं वळून त्या हसणाऱ्या तोंडांकडं एकदा पाहिलं. गुऱ्हाळावरची माणसं करपलेल्या घाण्याकडं पाहतात, तसं. मग ती फळ्याकडं वळली आणि तेच वाक्य तिनं पुन्हा म्हटलं, 'न्हाय'सकट, आणि या खेपेला शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.